संप कुणाचा आहे, हे आधी विचारा

विमानतळावर संप होणार अशी बातमी आली की आपल्या दिघ्यातल्या ग्रुपांवर एकच प्रश्न फिरतो : "फ्लाइट जाणार का?" कुणाची लेक दुबईला निघालेली असते, कुणाचा पोरगा जर्मनीला शिकायला, कुणी आई-वडिलांना पहिल्यांदाच विमानाने तिरुपतीला नेत असतो. उत्तर देणारेही लगेच हजर. एक म्हणतो सगळं बंद, दुसरा म्हणतो काही होत नाही हो, जा बिनधास्त. दोघंही अंदाजपंचे बोलतात. मुंबईच्या विमानतळाला आणि मुंबईतून उडणाऱ्या कंपन्यांना संपाचा तीस-पस्तीस वर्षांचा इतिहास आहे. तो जरा बघितला तर अंदाज बांधायची गरज बरीच कमी होते. म्हणून हा लांबलचक पोस्ट. चहा घेऊन बसा.

आपल्याला संप म्हटलं की एसटी आठवते. २०२१ च्या दिवाळीत सुरू झालेला संप पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. चालक-वाहक एकाच महामंडळाचे. ते थांबले की गाडी डेपोत. जुन्या मंडळींना १८ जानेवारी १९८२ आठवेल, दत्ता सामंतांचा गिरणी संप. भोंगा वाजला पण माणूस आत गेला नाही, की गिरणी बंद. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्यांचंही तेच. गेटवर लाल बावटा लागला की आतलं मशीन थांबतं.

विमानतळाचं तसं नाही. एक विमान उडायला जे हात लागतात ते एका मालकाचे नसतात. वैमानिक आणि केबिन क्रू एअरलाइनचे. टॉवरमध्ये बसून विमानाला वाट दाखवणारा कंट्रोलर भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा, म्हणजे सरकारी. दारावर आधार कार्ड बघणारा जवान सीआयएसएफचा. बॅगा चढवणारा लोडर बहुतेक वेळा ग्राउंड हँडलिंग कंपनीचा, संडास धुणारा कंत्राटदाराचा, आणि इमारत आणखी कुणाची तरी. यातला कोण थांबला, यावर तुमचं काय होणार ते ठरतं. मुंबईने यातले बरेच प्रकार पाहिलेत.

सुरुवात १९९२ पासून करू. तोवर देशात आतल्या आत विमानाने जायचं तर इंडियन एअरलाइन्सशिवाय फारसं काही नव्हतं. १९५३ च्या कायद्याने विमान कंपन्या सरकारी झाल्या होत्या, आणि खासगी कंपन्या तेव्हा नुकत्याच 'एअर टॅक्सी' या नावाखाली पाय टाकत होत्या. डिसेंबर १९९२ मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी संप केला आणि तो जवळपास दीड महिना चालला. तेव्हाची मुंबई आठवा. बाबरीनंतरच्या दंगली, संचारबंदी, जानेवारीत पुन्हा दंगल. शहर सोडायची घाई असलेले लोक, आणि वैमानिक संपावर.

सरकारने तोडगा काढला तो असा, की परदेशातून विमानं त्यांच्याच वैमानिकांसकट भाड्याने आणायची. त्यातलंच एक उझबेकिस्तानचं तुपोलेव्ह-१५४ विमान ९ जानेवारी १९९३ ला हैदराबादहून दिल्लीला उतरताना धुक्यात आपटलं आणि उलटं झालं. आत १६५ जण होते. सगळे वाचले, हे नशीबच म्हणायचं. संप मोडायला उभी केलेली पर्यायी व्यवस्था किती कच्ची असू शकते, याचं याहून ठळक उदाहरण मला तरी माहीत नाही. त्याच काळात खासगी कंपन्यांना गिऱ्हाईक मिळालं. ईस्ट-वेस्ट आधीच उडत होती, मार्च १९९३ मध्ये दमानिया आली, मे मध्ये जेट. १९९४ मध्ये सरकारी मक्तेदारीचा तो कायदाच रद्द झाला. सगळं संपामुळे झालं असं नाही, धोरण आधीच बदलत होतं. पण दीड महिना ताटकळलेल्या प्रवाशाला खासगीचं तिकीट महाग वाटेनासं झालं, एवढं नक्की.

आता येऊ २००६ वर. हा खरा 'विमानतळाचा' संप. एअरलाइनचा नव्हे, विमानतळ चालवणाऱ्यांचा.

तेव्हा मुंबई आणि दिल्ली, दोन्ही विमानतळ प्राधिकरणाकडे होते. त्यांची अवस्था काय होती ते सांताक्रूझच्या जुन्या टर्मिनलवर गेलेल्यांना सांगायला नको. केंद्राने ठरवलं की ते आधुनिक करायला खासगी कंपन्यांकडे द्यायचे. नागरी विमान वाहतूक मंत्री आपल्या महाराष्ट्राचेच, प्रफुल्ल पटेल. ३१ जानेवारी २००६ ला मंत्रिगटाने निर्णय केला : दिल्ली जीएमआरला, मुंबई जीव्हीकेला. लगेच प्राधिकरणाचे कर्मचारी देशभर संपावर गेले. हजारो लोक. डावे पक्ष तेव्हा सरकारला बाहेरून पाठिंबा देत होते आणि तेच या संपाच्या बाजूने उभे राहिले, त्यामुळे गंमत अशी की सरकार पाडू शकणारे लोकच फाटकाबाहेर घोषणा देत होते.

कर्मचाऱ्यांचं म्हणणं काय होतं? आमचा विमानतळ नफ्यात आहे. आधुनिक करायचा तर आम्हीच करू, पैसा आहे, योजना आहे. विकता कशाला? आणि विकलात तर आमच्या नोकऱ्यांचं काय? शेवटचा प्रश्न खरा होता. बाकीच्यावर आजही वाद घालता येईल. माझं स्वतःचं मत असं की त्यांची भीती रास्त होती, पण प्रवाशांना त्यांच्याबद्दल फार सहानुभूती वाटली नाही, कारण त्या विमानतळाचा अनुभवच लोकांना इतका वाईट आलेला होता.

संप चार दिवस चालला. या चार दिवसांत काय झालं ते नीट लक्षात घ्या, कारण आजच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. मुंबई आणि दिल्लीची विमानं बहुतांशी उडाली. उशिरा, रखडत, पण उडाली. कारण टॉवरमधले कंट्रोलर कामावर होते. त्यांनी हात वर केले असते तर आकाश बंद झालं असतं. वैमानिकही एअरलाइनचे, त्यांचा या भांडणाशी संबंध नव्हता. सुरक्षेला सीआयएसएफ होतंच. हवाई दलाची माणसं मदतीला तयार ठेवली होती.

मग बिघडलं काय? जमिनीवरचं सगळं. कचऱ्याचे ढीग साचले, संडासात पाय ठेवायची सोय राहिली नाही, ट्रॉल्या गोळा करायला माणूस नाही. त्या दिवसांचे फोटो बघा, विमानतळापेक्षा एसटी स्टँडचा भास होतो. (एसटी स्टँडवाल्यांनी माफ करावं, काही स्टँड आता बरे झालेत.) कोलकात्यात मात्र परिस्थिती जास्त बिकट झाली, तिथे संघटना आणि पक्ष दोन्ही मजबूत होते. म्हणजे संप एकच, पण तुम्ही कुठल्या शहरातून उडताय यावर फरक पडला.

४ फेब्रुवारीला संप मागे घेतला गेला. पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या पातळीवर बोलणी झाली, कुणाची नोकरी जाणार नाही असं आश्वासन मिळालं. खासगीकरण थांबलं नाही. ३ मे २००६ ला मुंबई विमानतळ जीव्हीकेच्या नेतृत्वाखालील कंपनीच्या ताब्यात गेला, ७४ टक्के त्यांचे, २६ टक्के प्राधिकरणाचे. प्राधिकरणाच्या किमान ६० टक्के कर्मचाऱ्यांना नव्या कंपनीने नोकरी देऊ करायची, अशी अट करारात होती. पुढे २०२१ मध्ये हा विमानतळ अदानी समूहाकडे गेला. झाडू, ट्रॉली, लोडिंग ही कामं आता वेगवेगळ्या कंत्राटांत विखुरलेली आहेत. २००६ सारखा, एका हाकेवर अख्खा विमानतळ थांबवू पाहणारा संप मुंबईत पुन्हा तसा झाला नाही. करणार कोण? एका छताखाली काम करणाऱ्यांचे मालकच इतके वेगळे, की नोटीस कुणाला द्यायची इथूनच अडचण.

नोटीस हा शब्द आला तर तिथे थोडं थांबतो, कारण प्रवाशाच्या दृष्टीने सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात विमान वाहतूक ही लोकोपयोगी सेवा. तिथे संप करायचा तर आधी नोटीस द्यावी लागायची, आणि नोटिशीनंतर किमान चौदा दिवस थांबावं लागायचं. समेट सुरू असेल तर संप करता येत नाही. म्हणजे कायदेशीर संप असेल तर तुम्हाला दोन आठवडे आधी पेपरात वाचायला मिळणार. तिकीट बदलायला, एक दिवस आधी निघायला वेळ आहे.

पण २००९ मध्ये वेगळंच घडलं. जेट एअरवेज, मुंबईची कंपनी. वैमानिकांनी संघटना बांधली, त्यानंतर दोन वैमानिकांना काढलं गेलं. संपाची तयारी झाली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, संपाला मनाई झाली. आणि सप्टेंबरच्या ८ तारखेला शेकडो वैमानिक एकदम आजारी पडले! 'सिक लीव्ह'. एकाच दिवशी, एकाच साथीने. पाच दिवस शेकडो उड्डाणं रद्द. बाकीच्या कंपन्यांची तिकिटं चढली, सरकारला दम द्यावा लागला. शेवटी तडजोड झाली, काढलेल्यांना परत घेतलं. यात प्रवाशाला पूर्वसूचना शून्य. रात्री झोपताना फ्लाइट आहे, सकाळी उठून बघावं तर नाही.

तेव्हापासून हा प्रकार रुळला. मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसच्या केबिन क्रूने तेच केलं. रातोरात आजारपणाचे निरोप, दोन-तीन दिवसांत दीडशेहून जास्त उड्डाणं रद्द. सगळ्यात जास्त मार बसला आखातात जाणाऱ्यांना, विशेषतः केरळच्या लोकांना. सुट्टी संपून कामावर हजर व्हायचं होतं, कुणाच्या व्हिसाची मुदत संपत आली होती. कंपनीने २५ जणांना काढलं, मुख्य कामगार आयुक्तांसमोर बैठक झाली, काढलेल्यांना परत घेतलं, क्रू कामावर आला. आपल्या पट्ट्यातूनही आखातात जाणारे कमी नाहीत. त्यांनी हे प्रकरण लक्षात ठेवावं.

मधल्या काळात एअर इंडियाचे दोन मोठे संप झाले, ते थोडक्यात सांगतो. २००७ मध्ये इंडियन एअरलाइन्स आणि एअर इंडिया एकत्र केल्या, पण पगार आणि बढत्या एकत्र झाल्या नाहीत. एप्रिल-मे २०११ मध्ये जुन्या इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक दहाएक दिवस संपावर, मागणी समान पगाराची. पुढच्याच वर्षी, मे २०१२ मध्ये, जुन्या एअर इंडियाचे वैमानिक संपावर, कारण नव्या ड्रीमलायनर विमानांचं प्रशिक्षण दुसऱ्या गटालाही मिळणार होतं. हा ५८ दिवस चालला, जुलैच्या सुरुवातीला मिटला. तोटा सहाशे कोटींच्या आसपास सांगितला गेला. अमेरिका-युरोपच्या फेऱ्या कापल्या गेल्या. घर एकत्र केलं, पण स्वयंपाकघरं दोन ठेवली, त्याचं हे फळ. पण प्रवाशाच्या नजरेतून पाहिलं तर ५८ दिवसांच्या संपात निदान पहिल्या आठवड्यानंतर काय चालू आणि काय बंद हे कळत होतं. कंपनीने आपलं कापलेलं वेळापत्रकच लावलं होतं. पाच दिवसांची 'आजारपणं' त्या मानाने जास्त छळतात.

आता कायदा बदलला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेत दोन गोष्टी आपल्या विषयाच्या आहेत. एक, चौदा दिवसांची नोटीस आता सगळ्याच आस्थापनांना. दुसरी, निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच धरला जाणार. म्हणजे २००९ च्या युक्तीवर कायद्याने बोट ठेवलं. प्रवाशाला हे बरं वाटेल. कामगाराच्या बाजूने पाहिलं तर न्यायचं कुठे हा प्रश्न उरतोच, कारण नोटीस दिली की समेट सुरू, समेट सुरू की संप बेकायदा. दार उघडं दिसतं, पण उंबरठा फार उंच केलाय. अशा वेळी माणसं दुसरी वाट शोधतात, हा आजवरचा अनुभव आहे.

आणि संप नसतानाही विमानं थांबतात, हे डिसेंबर २०२५ ने दाखवलं. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले, इंडिगोकडे पुरेसे वैमानिक नव्हते, आणि पहिल्या आठवड्यात हजारो उड्डाणं रद्द झाली. ५ डिसेंबरला एका दिवसात हजारावर. कुणी संप केला नव्हता, कुणी घोषणा दिली नव्हती. सरकारला भाड्यावर मर्यादा घालावी लागली, पाचशे किलोमीटरपर्यंत साडेसात हजार, सर्वात लांबच्या मार्गाला अठरा हजार.

आता मुद्द्याचं, आपल्या दिघ्याचं. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, २५ डिसेंबरला प्रवासी विमानं सुरू झाली. दिघा गाव स्टेशन १२ जानेवारी २०२४ पासून आहेच. एका बाजूला ऐरोली पुलावरून सहार, दुसऱ्या बाजूला ठाणे-बेलापूर रोडने नवा विमानतळ. त्यामुळे आपल्याकडे एक समज पसरलाय : "तिकडे संप झाला तर इकडून जाऊ." हा समज अर्धाच खरा आहे. दोन्ही विमानतळ चालवणारा समूह एकच, अदानी (नव्यात २६ टक्के सिडकोचे). दोन्ही टॉवरांत कंट्रोलर प्राधिकरणाचेच. दोन्हीकडे सीआयएसएफ. आणि एअरलाइन तर त्याच. एखाद्या एअरलाइनचा क्रू बसला तर दोन्हीकडची तिची विमानं बसणार. दुसरा विमानतळ कामाला येईल तो फक्त स्थानिक कारणासाठी, म्हणजे एका ठिकाणच्या कंत्राटी कामगारांचं काम बंद पडलं किंवा रस्ता अडला तर. त्यातही एक सावधगिरी : एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढचं विमान पकडायचं, अशी दोन वेगळी तिकिटं संपाच्या दिवसांत काढू नका. पहिलं विमान चुकलं तर दुसऱ्या तिकिटाशी कंपनीला काही देणंघेणं नसतं.

रस्ता अडण्याचं मी उगाच म्हणत नाही. आपला भाग आंदोलनांचा आहे. जानेवारी १९८४ ला जासई-दास्तान फाट्याला गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले, त्यातून साडेबारा टक्क्यांची योजना आली. दि. बां.च्या नावासाठी १० जून २०२१ ची मानवी साखळी आणि २४ जूनचा सिडको घेराव ताजाच आहे. नव्या विमानतळावर भूमिपुत्रांना नोकऱ्या किती आणि कायम किती, कंत्राटी किती, हा प्रश्न मिटलेला नाही. पुढचा संप तिथे झाला तर गेटबाहेर बसलेला आणि बॅग घेऊन ताटकळलेला, दोघंही आपल्याच गल्लीतले असू शकतात.

पैशांचं काय, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. डीजीसीएच्या नियमात, २०१० पासूनच, संप आणि कामगार वाद हे कंपनीच्या हाताबाहेरचं कारण मानलंय. त्यामुळे विमान रद्द झाल्याची पाच ते दहा हजारांची भरपाई संपात मागून मिळेलच असं नाही. पण दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा, यातलं काय हवं ते निवडायचा हक्क तुमचाच. एजंटाकडून तिकीट घेतलं असेल तरी परताव्याची जबाबदारी एअरलाइनची आहे, "एजंटाला विचारा" हे उत्तर चालवून घेऊ नका. मात्र रद्द कंपनीने करायला हवं. बातमी बघून घाबरून आपणच आधी रद्द केलं, की आपला नेहमीचा रद्दीकरणाचा खर्च आपल्याच खिशातून. मी पाहिलेल्या लोकांचे सगळ्यात जास्त पैसे यातच गेलेत.

युरोपात जाणाऱ्यांसाठी नियम वेगळा आहे. तिथल्या न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं की एअरलाइनच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांनी रीतसर केलेला संप हे हाताबाहेरचं कारण नाही, भरपाई द्यावी लागेल. लांबच्या प्रवासाला ती सहाशे युरोपर्यंत असते, आणि मुंबईहून युरोपियन कंपनीच्या विमानाने निघालात तरी लागू होते. त्याच मार्गावर भारतीय किंवा आखाती कंपनीने जाताना नाही. आणि संप विमानतळाच्या सुरक्षा कर्मचाऱ्यांचा असेल, जसा १० मार्च २०२५ ला जर्मनीत तेरा विमानतळांवर झाला, तर भरपाई मिळणं कठीण, पण जेवण, हॉटेल आणि दुसरं विमान द्यावंच लागतं. पुन्हा तोच प्रश्न : संप कुणाचा? सप्टेंबर २०२२ मध्ये लुफ्तान्साचे वैमानिक एक दिवस थांबले, तेव्हा दिल्ली विमानतळावर शेकडो विद्यार्थी अडकले आणि बाहेर पालकांचा गोंधळ उडाला. त्यातल्या किती जणांना या सहाशे युरोंची कल्पना होती, कुणास ठाऊक.

तर पुढच्या वेळी ग्रुपवर बातमी आली की तीन गोष्टी बघा : कोण थांबतंय, नोटीस दिली आहे का, आणि कधीपासून. टॉवर किंवा वैमानिक असतील तर तारीख बदलायच्या मागे लागा. लोडर, सफाई, ट्रॉली असेल तर विमान बहुधा जाईल. तेव्हा चेक-इनची बॅग टाळा, पाणी-डबा बरोबर ठेवा आणि तीन तासांऐवजी पाच तास आधी घर सोडा. ऐरोली पुलाचा ट्रॅफिक त्यातच धरलाय.

२००६ च्या त्या चार दिवसांत सहारला किंवा सांताक्रूझला कामावर असलेलं, किंवा संपात असलेलं कुणी आपल्या भागात असेल तर खाली जरूर लिहा. पेपरात आलं ते प्रवाशांचं आलं. आत काम करणाऱ्यांची बाजू फार कमी नोंदली गेली आहे.